ग्रामर पाठ, पॅसेज सपाट: यीवूतल्या एका आठवीतल्या पोरीची केस

मुलगी आठवीत, म्हणजे चीनमधल्या ज्युनियर मिडलच्या तीन वर्षांतलं मधलं वर्ष. गाव यीवू, चच्यांग प्रांत. इंग्रजीत ग्रामरचे सुटे प्रश्न आले की एखादाच चुकायचा, कधी तोही नाही, आणि त्याच पोरीसमोर पानभर पॅसेज ठेवला की पाचातले दोन बरोबर, तेही अंदाजपंचे. तिची आई म्हणायची पोरगी आळशी आहे, वाचायचा कंटाळा करते. शाळेतल्या बाई म्हणायच्या शब्द कमी पडतायत, शब्द पाठ करा. मला दोन्ही पटत नव्हतं, कारण मी तिची शब्दांची वही बघितली होती, पानंच्या पानं भरलेली, आणि ज्या पॅसेजमध्ये ती आपटायची त्यातले जवळपास सगळे शब्द तिला सुटे विचारले तर येत होते.

माझं म्हणाल तर इकडे यायच्या आधी मी सातारा जिल्ह्यात मराठी मिडीयमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, मग नवऱ्याच्या एक्स्पोर्टच्या कामामुळे यीवूला आलो. फॅमिली व्हिसावर असल्यामुळे इथे पैसे घेऊन शिकवणं कायद्यात बसत नाही आणि मी घेतलेही नाहीत. ही पोरगी आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची, आईचा होलसेल मार्केटमध्ये केसांच्या क्लिपा-रबरबँडचा गाळा. व्यवहार असा ठरला की मी तिच्याबरोबर इंग्रजी वाचायचं आणि ती माझ्या पोराकडून चिनी अक्षरं गिरवून घेणार. ती मला आयी म्हणायची (चिनीत आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तेच म्हणतात).

आता थोडं तिथलं गणित सांगते, नाहीतर आईची धावपळ समजणार नाही. तिथे नववीच्या शेवटी जूनमध्ये चोंगखाओ नावाची परीक्षा असते आणि तिच्यावर ठरतं की पोरगं सीनियर हायस्कूलला जाणार की व्होकेशनलला. आपल्याकडे दहावीला जसं घर अख्खं टेन्शनमध्ये असतं ना, तसंच, फक्त पोरं पंधरा वर्षांची. इंग्रजीचे मार्क शहराप्रमाणे बदलतात, शांघायला 150, बीजिंगला 100 आणि त्यातले 40 नुसते ऐकण्या-बोलण्याचे, आमच्या चच्यांगमध्ये 120. शिवाय 2024 पासून चच्यांगमध्ये अख्ख्या प्रांताला एकच पेपर झाला, त्याआधी प्रत्येक शहर आपापला काढायचं, त्यामुळे त्या वर्षी सगळ्या आया नव्या पेपराच्या चर्चेने हैराण होत्या. त्यात ट्यूशनचा रस्ता बंद. जुलै 2021 मध्ये सरकारने गृहपाठ आणि बाहेरचे क्लास दोन्ही कमी करायचा आदेश काढला, शाळेच्या विषयांचे नफ्यावर चालणारे क्लास त्या वयाच्या पोरांसाठी संपलेच, ऑनलाइन परदेशातून शिकवणाऱ्यांचंही गेलं. ज्युनियर मिडलला लेखी गृहपाठ दिवसाला दीड तासाच्या वर देऊ नये असाही नियम आला. कागदावर नियम छान आहे, पण परीक्षा तीच आणि सीटा तेवढ्याच, मग आई वरच्या मजल्यावरच्या भारतीय बाईचं दार वाजवणार नाही तर काय करणार.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे तिचे जुने पेपर मागवले. चिनी पोरांकडे ही एक फार उपयोगी गोष्ट असते, छ्वो थी पन, म्हणजे चुकांची वही. चुकलेला प्रश्न कापून किंवा उतरवून चिकटवायचा, शेजारी लाल पेनाने बरोबर उत्तर आणि कारण लिहायचं. तिची वही सुंदर होती, पण कारणाच्या रकान्यात काय लिहिलेलं असायचं? "येट आहे म्हणून हॅव". "लास्ट इयर आहे म्हणून पास्ट". "फॉर टू इयर्स आहे म्हणून परफेक्ट". सगळीकडे हेच. म्हणजे वाक्यातला एक खुणेचा शब्द शोधायचा, त्याच्यावरून ऑप्शन उडवायचे, बाकी वाक्य वाचायची गरजच नाही.

आणि हे तिच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, तिकडे शिकवतातच असं. सगळ्या गोष्टींची चार-चार अक्षरांची घोकणी असते. चू च्यांग छोंग श्येन, म्हणजे मुख्य वाक्य भविष्यात असेल तर इफ-व्हेनचं वाक्य वर्तमानात. ॲम-इज-आरचं तर गाणंच आहे, बालवाडीच्या चालीवर. नीदर-नॉरला जवळच्या कर्त्याप्रमाणे क्रियापद, त्याचंही सूत्र. मी याला नावं ठेवणार नाही, वर्गात पन्नासच्या आसपास पोरं, बाईंना सगळ्यांना पार न्यायचंय, आणि आपणही "आय-वुई शॅल, बाकी सगळ्यांना विल" असंच घोकून मोठे झालोय. सूत्र वाईट नाही, पण सूत्राने उत्तर येतं आणि अर्थ येतोच असं नाही, आणि पेपरात जोपर्यंत सुटं वाक्य आणि चार ऑप्शन असतात तोपर्यंत हे कोणाच्याच लक्षात येत नाही. आता बऱ्याच ठिकाणी तो प्रश्नप्रकार कमी झालाय, ग्रामर पॅसेजच्या आत गाळलेल्या जागांमध्ये येतं, आणि तिथे अशी पोरं उघडी पडतात.

हे खरंच असं आहे का ते बघायला मी तिच्याच पाठ्यपुस्तकातला धडा घेतला. आठवीच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या पुस्तकात (पीपल्स एज्युकेशन प्रेसचं, तेव्हाची जुनी आवृत्ती) म्युझियमवर एक युनिट होतं, त्यात तीन पोरं आपापल्या आवडत्या म्युझियमबद्दल सांगतात आणि त्यातली ॲमी नावाची मुलगी सांगते की ती भारतातलं टॉयलेट म्युझियम बघून आली. हो, खरंच. दिल्लीतलं सुलभचं म्युझियम, 1992 साली बिंदेश्वर पाठकांनी काढलेलं. चीनमधल्या लाखो पोरांना भारताबद्दल इंग्रजीच्या पुस्तकातून काय कळत होतं तर हे. पोरगी मला हसू दाबत विचारत होती, "आयी, तुम्ही बघितलंय का ते?" मी नाही बघितलं. असो.

त्या युनिटचं ग्रामर म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, आणि त्यातही हॅव बीन टू आणि हॅव गॉन टू यातला फरक. तिला फरक विचारला तर धाडधाड सांगितला, बीन म्हणजे जाऊन परत आला, गॉन म्हणजे गेला अजून आला नाही. गाळलेल्या जागा दिल्या, सगळ्या बरोबर. मग मी पुस्तक उघडंच ठेवून विचारलं, ॲमी आत्ता कुठे आहे, भारतात की घरी? पोरगी पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, "धड्यात दिलेलं नाही." वाक्यात हॅव बीन टू समोर दिसत होतं, ते परफेक्ट आहे हे तिने सांगितलं होतं, रीसेन्टली या शब्दावर बोटही ठेवलं होतं. पण त्या हॅव बीनमधून ॲमी परत आलीये ही बातमी मिळते, हे तिच्या गावीही नव्हतं.

याच्यावरचा उपाय तिच्याच भाषेत पडलेला होता, ही गंमत. चिनीत क्रियापदाला काळाप्रमाणे रूपं नाहीत, पण क्रियापदामागे क्वो लावलं की "जाऊन आलेली आहे, अनुभव घेतलाय" असा अर्थ होतो आणि ल लावलं की "गेली, झालं". छ्यू क्वो आणि छ्यू ल. आपल्या "दिल्लीला जाऊन आलीये" आणि "दिल्लीला गेलीये" सारखंच. मी तिला म्हणलं, ॲमीचं वाक्य मला चिनीत सांग. तिने न अडखळता छ्यू क्वो म्हणलं आणि मग स्वतःच थांबून म्हणाली, "मग ती घरीच आहे की." शाळेत हे सांगितलेलं असणारच, पण तिने ते सूत्राच्या कप्प्यात ठेवलेलं आणि वाचताना तो कप्पा उघडायची सवय नव्हती.

तिथून मी तिच्या एमसीक्यूच्या (चार ऑप्शनच्या प्रश्नांच्या) वहीवरच काम सुरू केलं, कारण नवीन पेपर आणून बसवायला वेळ कोणाकडे होता, शाळेतून घरी येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. प्रश्न तेच, उत्तर तिला आधीच येतंय, मी फक्त एक प्रश्न जास्तीचा विचारायचे. उदाहरण सांगते. "आय हॅव डॅश धिस बुक फॉर टू वीक्स", ऑप्शन बॉरोड, केप्ट, बॉट, लेन्ट. चिनी शाळेतल्या कुठल्याही पोराला हा झोपेत येतो, कारण त्यांच्याकडे याचा अख्खा तक्ता असतो: बॉरोचं कीप, बायचं हॅव, डायचं बी डेड, लीव्हचं बी अवे, जॉइनचं बी इन. क्षणात संपणारी क्रिया फॉर टू वीक्सबरोबर चालत नाही म्हणून चालू राहणारी घ्यायची. तिने केप्टवर टिक केली. मी विचारलं, पुस्तक आत्ता कुठे आहे? परत तेच, पुस्तकाचा पत्ता कोणालाच नाही. दोन-तीनदा अशी अडकल्यावर तिला या खेळाची चटक लागली, म्हणजे टिक मारायच्या आधीच सांगायची, "पुस्तक अजून माझ्याकडे आहे, परत द्यायचं राहिलंय." "ही हॅज बीन डेड फॉर टेन इयर्स" या वाक्यावर आम्ही खूप हसलो, दहा वर्षं झाली मेलाय आणि अजून मेलेलाच आहे. पण फॉर टेन इयर्सला डाइड का चालत नाही ते तिला त्या हसण्यात कळलं.

इथपर्यंत सोपं होतं. खरी अडचण लांब वाक्यांची निघाली आणि केसचा गाभा माझ्या मते हाच आहे.

तिची वाचायची पद्धत मी शेजारी बसून बघितली. पेन्सिल हातात, पहिल्या शब्दापासून सुरुवात, प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर बारीक चिनी अक्षर लिहीत जायचं. ओळ संपली की वरची चिनी अक्षरं सलग वाचायची आणि अर्थ लागला तर लागला. लहान वाक्यात लागतोही, कारण कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम चिनीतही इंग्रजीसारखाच आहे, आपल्यासारखं क्रियापद शेवटी जात नाही. म्हणूनच सातवीपर्यंत तिचं बरं चाललं होतं. मी सरावासाठी बनवलेलं एक वाक्य असं होतं: "द ओल्ड मॅन हू सोल्ड टी निअर द ब्रिज नेव्हर वेन्ट टू द सिटी हिज सन वर्क्ड इन." एकही शब्द अवघड नाही. तिला विचारलं, शहरात कोण गेलं नाही? म्हणाली, मुलगा. वर चिनी अक्षरं लिहिलेली होती, म्हातारा, कोण, विकला, चहा, जवळ, पूल, कधी नाही, गेला, शहर, त्याचा मुलगा. शब्द सगळे बरोबर, पण माळ तुटलेली. शिवाय नेव्हर बघून तिने मलाच विचारलं, "आयी, नेव्हर आहे तर मग हॅव का नाही?" म्हणजे इतका सगळा गोंधळ चालू असताना डोकं खुणेचा शब्द शोधत होतं.

अडचण कुठे आहे ते चिनी आणि मराठी दोन्ही येणाऱ्याला पटकन दिसतं. "पुलाजवळ चहा विकणारा म्हातारा" असं आपण म्हणतो, माहिती आधी आणि माणूस मागून. चिनीतही तसंच, पुलाजवळ चहा विकणारा, मग मध्ये द नावाचा एक छोटा चिनी शब्द (इंग्रजीतलं द नव्हे), मग म्हातारा. इंग्रजी उलटं, माणूस आधी टाकतं आणि त्याची माहिती मागे शेपटीसारखी लावत जातं, आणि ती शेपटी कुठे संपली आणि मूळ वाक्य कुठे परत सुरू झालं हे वाचणाऱ्याने ओळखायचं. साताऱ्याकडे माझी पोरं नेमकी याच ठिकाणी अडखळायची. जरी-तरीचंही तसंच, चिनीत ऑल्दोबरोबर बट लावायची सवय आहे कारण त्यांच्याकडे जोडी आहे, आणि आपल्याकडेही जोडी आहे, त्यामुळे "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम" हे वाक्य मी दोन्ही देशांत लाल पेनाने खोडलंय.

यात शाळेच्या क्रमाचाही हात आहे. त्या पुस्तकांमध्ये हू-व्हिच-दॅटची ही विशेषण वाक्यं नववीत येतात, अधिकृतपणे. पण आठवीतल्या पोरांना सरावाला जे पॅसेज देतात त्यांत ती आधीच पसरलेली असतात, कारण थोडंही खरंखुरं इंग्रजी त्यांच्याशिवाय लिहिताच येत नाही. अवघड शब्द आला तर पॅसेजमध्येच कंसात चिनी अर्थ छापून देतात, पण अवघड रचना आली तर काही देत नाहीत. म्हणून बाईंना वाटतं शब्द कमी पडतायत, पण ज्युनियर मिडलच्या शेवटी अपेक्षित 1600 शब्दांपैकी पोरीकडे तिच्या वर्षाच्या मानाने भरपूर होते.

मग आम्ही काय केलं. वर्षभर आधी तिला विशेषण वाक्याचा धडा शिकवायचा नाही असं मी ठरवलं, कारण शिकवला असता तर तिने त्याचंही सूत्र केलं असतं, हू माणसाला, व्हिच वस्तूला, झालं. त्याऐवजी पेन्सिलीचं काम बदललं. शब्दांवर चिनी लिहायचं बंद, फक्त क्रियापदांखाली रेघ. म्हाताऱ्याच्या वाक्यात सोल्ड, वेन्ट, वर्क्ड, तीन रेघा. आता तीन क्रियापदं आहेत तर तीन मालक शोध. विकला कोणी, गेला नाही कोण, काम करत होता कोण. पहिले दोन म्हाताऱ्याचे, तिसरं मुलाचं, आणि एवढं झालं की वाक्य आपोआप उभं राहतं. हू दिसलं की तिने तेवढा तुकडा कंसात घालायचा आणि चिनीत द लावून म्हाताऱ्याच्या आधी न्यायचा.

"सिटी हिज सन वर्क्ड इन" मात्र जड गेलं, कारण तिथे हूही नाही, दॅटही नाही, काही खूणच नाही. याला माझ्याकडे एकच युक्ती होती जी मराठी मिडीयमच्या पोरांवर चालायची: दोन नामं मध्ये कॉमा नाही, अँड नाही, तशीच एकमेकांना धडकलेली दिसली की समजायचं दुसऱ्या नामापासून शेपटी सुरू झाली. द सिटी, हिज सन. धडक. शेपटी. सुरुवातीला पोरगी प्रत्येक ठिकाणी धडक शोधायला लागली, "टी कप" मध्येसुद्धा, पण ते निवळलं.

एक उदाहरण तिच्या घरातूनच मिळालं आणि ते माझ्या सगळ्या बनवलेल्या वाक्यांपेक्षा सरस होतं. आईच्या गाळ्यावर परदेशी गिऱ्हाइकांचे मेसेज येतात, त्यातला एक तिने मला दाखवला, "द गुड्स यू सेन्ट लास्ट मंथ हॅव नॉट अराइव्ह्ड येट." पोरगी लगेच म्हणाली येट आहे, परफेक्ट. बरोबर. पण लास्ट मंथ पण आहे, मग पास्ट का नाही? इथे तिचं सूत्र स्वतःशीच भांडायला लागलं, कारण एकाच वाक्यात दोन्ही खुणा. क्रियापदांखाली रेघा मारल्या, सेन्ट आणि हॅव अराइव्ह्ड, मालक शोधले, पाठवलं तुम्ही, पोचला नाही माल. गुड्स-यू धडक, यूपासून मंथपर्यंत शेपटी, लास्ट मंथ शेपटीच्या आतलं, त्याचा मोठ्या वाक्याच्या टेन्सशी संबंध नाही. आई शेजारी बसून क्लिपा पाकिटात भरत होती, तिला इंग्रजीत आकडे, कार्टन आणि बेस्ट प्राइस एवढंच येतं, पण ती एकदम म्हणाली की हा माणूस मालासाठी बोंबलतोय हे मला भाषांतराच्या ॲपवरून कळलंच होतं, पण पोरीला न बघता कळायला पाहिजे. त्यानंतर मेसेज आमच्या सरावाचा भाग झाले. खरे मेसेज, चुकांनी भरलेले, पण पोरगी ते मन लावून वाचायची कारण त्यात तिच्या घराचे पैसे होते.

आईचं आणि माझं खटकलं ते श्वा थी वरून. श्वा थी म्हणजे पेपरावर पेपर घासत सुटायचं. आईचं म्हणणं, सगळ्यांची पोरं रोज दोन पॅसेज सोडवतात आणि तुम्ही एकच पॅसेज घेऊन बसता, तोही परत परत. मी तिला एक गोष्ट दाखवली. पुस्तकात डोंगर हलवणाऱ्या म्हाताऱ्याची जुनी चिनी गोष्ट इंग्रजीत आहे, त्यावरचे प्रश्न पोरीने सगळे बरोबर सोडवलेले, बाईंनी शाबासकी दिलेली. मी तिथलं एक लांब वाक्य उघडं ठेवून बाकी सगळं झाकलं आणि विचारलं यात काय सांगितलंय, तर तिने वाक्यात नसलेली गोष्ट सांगितली, जी तिला लहानपणापासून चिनीत माहीत होती. म्हणजे मार्क वाचनाचे नव्हतेच. आईला हे लागलं, पण पटलं असं म्हणणार नाही, तिने रविवारी स्वतः पॅसेजचं जाड पुस्तक घेऊन बसवायचं चालूच ठेवलं. मी पण जास्त ताणलं नाही, तिची भीती खोटी नव्हती.

खरं तर वाचनाच्या बाबतीत अभ्यासक्रम कागदावर चांगला आहे, नववीच्या शेवटपर्यंत पुस्तकाबाहेरचं इंग्रजी वाचन दीड लाख शब्दांच्या वर झालेलं असावं अशी अपेक्षा आहे. आता अडीचशे शब्दांचा एक पॅसेज धरला तर सहाशे पॅसेज झाले. पण परीक्षेचा पॅसेज वाचणं म्हणजे वाचन नव्हेच, त्यात पोरगं आधी प्रश्न वाचतं, प्रश्नातला शब्द पॅसेजमध्ये शोधतं, त्याच्या आजूबाजूची ओळ बघतं आणि जुळता ऑप्शन टिकतं. शाळेत हे तंत्र म्हणून शिकवतात. तारीख, किंमत, ठिकाण विचारलं तर चालतं. पण पेपर काढणारे काय बावळट असतात का, ते चुकीच्या ऑप्शनमध्येच मुद्दाम पॅसेजमधले शब्द जसेच्या तसे घालतात आणि बरोबर ऑप्शन वेगळ्या शब्दांत लिहितात. आमची पोरगी नेमाने ओळखीच्या शब्दांच्या ऑप्शनवर जायची. मी तिला काही दिवस प्रश्नांचा भाग दुमडून ठेवायला लावला, आधी गोष्ट वाच, चिनीत दोन-तीन वाक्यांत मला सांग, मग प्रश्न उघड. पहिल्यांदा वेळ दुप्पट लागला, चिडचिड झाली, "आयी, परीक्षेत असं कोण करतं" हेही ऐकलं. परीक्षेत करू नकोस म्हणलं, इथे कर.

सेमिस्टरच्या परीक्षेत काय झालं तर सगळ्यात जास्त सुधारलं ते क्लोझ, गोष्टीत जागा गाळून चार-चार ऑप्शन देतात ते. तिथे खुणेचे शब्द कमी आणि गोष्ट काय चाललीये हेच जास्त, त्यामुळे ते साहजिक होतं. पॅसेजमध्ये बारीक माहितीचे आणि कोणी-कोणाला प्रकारचे प्रश्न नीट यायला लागले. लेखकाला काय सुचवायचंय, शीर्षक काय द्याल, हे प्रश्न मात्र फारसे हलले नाहीत. त्यासाठी नुसतं वाक्य उलगडून चालत नाही, भरपूर वाचलेलं लागतं, आणि तेवढं वाचन आम्ही करू शकलो नाही, हे स्पष्ट आहे. लिहिण्यात तर जवळपास काहीच फरक नाही, निबंधात ती पाठ केलेली वाक्यं चिकटवायची, कारण बाई त्याला मार्क द्यायच्या, आणि मी तिथे हात घातला नाही. इंग्रजी बोलताना "ही" (तो) आणि "शी" (ती) यांचा गोंधळ तर शेवटपर्यंत राहिला, तिच्या चिनीत दोन्हीचा उच्चार "था" असाच आहे, लिहिताना वेगळं अक्षर आहे म्हणून कागदावर चुकायचं नाही पण तोंडाने आईला "ही" म्हणायची.

नववीत विशेषण वाक्याचा धडा आला तेव्हा तिला तो सोपा गेला. बाईंनी फळ्यावर हू-व्हिचचं सूत्र लिहिलं, तिने ते वहीत उतरवलंही, आणि संध्याकाळी मला येऊन सांगितलं की हे आपलं शेपटीवालंच आहे, फक्त नाव मोठं आहे. त्याच वर्षी पास्ट परफेक्ट आलं, ते तिने मेसेजवरूनच लावलं, तोपर्यंत आईच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा आमच्याकडे चांगला साठा झाला होता.

जून 2025 ला चोंगखाओ दिली, इंग्रजीत वर्गात पहिली वगैरे नाही आली, पण सीनियर हायस्कूलला सीट मिळाली. तिथे शब्दांची अपेक्षा तीन हजारांच्या घरात जाते आणि पॅसेज अजून लांब. मध्यंतरी तिने तिथल्या पॅसेजचा फोटो पाठवला, एका वाक्यात पाच रेघा मारलेल्या, आणि खाली लिहिलेलं, चार मालक सापडले, पाचवा तुम्ही सांगा. ते क्रियापद नव्हतंच, पास्ट पार्टिसिपल होतं, नामाच्या मागे बसलेलं. मी तसं उत्तर पाठवलं, तर तिचा लगेच प्रश्न आला की मग पुढच्या वेळी ओळखायचं कसं.